शाओ बाईंचं ‘टर्न अप’

चीनच्या ईशान्येकडच्या शुआंगहे गावच्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवायला कुणीच नव्हतं, म्हणून ते शाओ वेनयिंग बाईंच्या गळ्यात पडलं. हेडमास्तर फू यांनी त्यांना खोलीत बोलावलं, गरम पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, “बाई, तुम्हाला रशियन येतं.”

“यायचं,” शाओ बाई म्हणाल्या. “आता कुणाशी बोलणार?”

“तेच म्हणतो मी. इंग्रजीसुद्धा डावीकडून उजवीकडेच लिहितात. निम्मी अक्षरं सारखीच दिसतात. सोमवारपासून सुरू करा.”

“सर, मला इंग्रजीतलं एक वाक्य धड येत नाही.”

“मुलांना तरी कुठे येतंय?” फू म्हणाले. मग जरा वरमून त्यांनी आवाज खाली आणला. “हे बघा, कॉलेजच्या प्रवेशपरीक्षा पुन्हा सुरू झाल्यात. आज ना उद्या परकीय भाषेचे गुण धरणार म्हणतात. आपल्या गावच्या पोरांनी काय जन्मभर आरागिरणीतच लाकडं ओढायची?”

हे अठ्ठ्याहत्तर सालच्या शरद ऋतूतलं. गावात घरोघरी कोबीच्या गड्ड्यांचे ढीग लागले होते आणि नदीकाठच्या आरागिरणीचा आवाज थंड हवेत लांबवर ऐकू यायचा. शाओ बाई चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. तरुणपणी हार्बिन शहरात रशियन शिकून आल्या, तेव्हा त्या भाषेला सोन्याचा भाव होता. पुढे चीन आणि रशियाचं बिनसलं आणि रशियनचे वर्ग एकेक करून बंद पडले. मधली काही वर्षं तर शाओ बाई शाळेतच नव्हत्या. परत आल्यावर त्या भूगोल शिकवत, ग्रंथालय सांभाळत, कुणी रजेवर गेलं की त्याचा वर्ग घेत.

तालुक्याच्या गावी झालेल्या शिबिरात त्या इंग्रजी मुळाक्षरं आणि थोडं व्याकरण शिकून आल्या. नंतरचं सगळं असं चाललं होतं की आज घरी बसून धडा शिकायचा आणि उद्या तोच वर्गात शिकवायचा. रशियनमुळे त्यांचा ‘र’ घोळून यायचा. त्यांनी ‘टर्न’ म्हटलं की मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटायचं, “झाला ट्रॅक्टर सुरू!” शाओ बाईंना ते ऐकू यायचं. त्या दुर्लक्ष करायच्या, कारण त्यांच्या कानालाही ते तसंच लागायचं.

वर्गातली काही मुलं नुकती मिसरूड फुटलेली, तर काही चांगली विशी ओलांडलेली, सरकारी शेतांवर राबून परत आलेली. बू शिआओमान त्यांतली एक. हातांना घट्टे, जीभ तिखट, आणि आता मिळालेली संधी सोडायची नाही असा हट्ट. स्वाध्यायातलं ते वाक्य तिनेच काढलं. ‘वुई वेटेड फॉर ॲन अवर, बट ही डिडन्ट टर्न अप.’

शाओ बाईंनी ते फळ्यावर लिहिलं आणि शब्दाशब्दाखाली बोट ठेवत अर्थ लावला. “टर्न म्हणजे वळणं. अप म्हणजे वर. आम्ही तासभर वाट पाहिली, पण तो... वर वळला नाही.”

शिआओमानने हात वर केला. “बाई, तो माणूस आहे की चुलीचा धूर?”

वर्ग खदखदून हसला. शाओ बाईंनाही हसू आवरलं नाही. त्यांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, “मला माहीत नाही. शोधून सांगते.”

हसणं एकदम थांबलं. त्या शाळेत आजवर कुठल्याच शिक्षकाने असं म्हटलं नव्हतं.

शाळेचा शब्दकोश अगदीच पातळ होता. त्यात टर्न होतं, अप होतं, पण दोघं एकत्र कुठे नव्हती. शाओ बाईंनी फूसरांना विचारलं.

“वगळा ते वाक्य,” फू म्हणाले. “परीक्षेत यायचं नाही.”

“आणि आलं तर?”

“आलं तर कुणालाच येणार नाही. सगळे सारखेच.”

शाओ बाईंच्या मनाला ते पटलं नाही. पण विचारणार कुणाला? प्रांताच्या आकाशवाणीवर रोज सकाळी इंग्रजीचा पाठ लागतो, असं त्यांनी शिबिरात ऐकलं होतं. घरी रेडिओ नव्हता. त्यांचे यजमान थोंग रेल्वेच्या दुरुस्तीखान्यात होते. रेडिओसाठी त्यांनी नाव नोंदवलं होतं, पण नंबर लागेल तेव्हा लागेल.

रेडिओ होता तो भिंतीपलीकडे.

ती सगळी बैठ्या घरांची रांग होती, दोन घरांत एकच भिंत. अलीकडच्या खोलीत शाओ बाईंचा खांग, म्हणजे चुलीच्या धगीने तापणारा झोपायचा ओटा, आणि त्याच भिंतीला पलीकडून लुओच्या घरचा खांग. लुओ आरागिरणीत फिटर होता. हौशी माणूस, हार्बिनहून लाकडी पेटीचा रेडिओ घेऊन आला होता. त्याची बायको गुइचिन पहाटे उठून चूल पेटवायची आणि हवामानाची बातमी चुकू नये म्हणून आधीपासूनच रेडिओ लावून ठेवायची. त्या बातमीच्या आधी इंग्रजीचा पाठ असे.

गुइचिनशी शाओ बाई दहा वर्षं बोलल्या नव्हत्या.

अडुसष्ट साली, सांस्कृतिक क्रांतीच्या दिवसांत, गिरणीच्या पटांगणात सभा झाली होती. शाओ वेनयिंग रशियाची हेर आहे का, अशी चौकशी होती. शेजाऱ्यांना विचारलं, तेव्हा गुइचिन उभी राहिली आणि म्हणाली की भिंतीतून ऐकू येतं, ती एकटीच रशियनमध्ये बोलत असते. तेवढं पुरेसं झालं. शाओ बाईंना तीन वर्षं डुकरांच्या फार्मवर पाठवलं. परत आल्या तेव्हा घर तेच, भिंत तीच, आणि पलीकडचं माणूसही तेच. नळावर गाठ पडली की एक जण बादली उचलून बाजूला व्हायची. रांगेतल्या बायकांनाही त्याची सवय झाली होती.

तर त्या भिंतीला शाओ बाईंनी कान लावला. पहिल्या दिवशी त्यांना स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी इनॅमलचा मग पालथा करून भिंतीला टेकवला आणि त्याच्या बुडाला कान लावला. थोंग पांघरुणातून बघत होते.

“मास्तरीणबाई, आता खरंच हेर झालीस.”

“गप्प बस. ऐकू येत नाही.”

पलीकडून एका बाईचा शांत, स्वच्छ आवाज यायचा. ती एकेक वाक्य म्हणायची, मग थांबायची, आणि त्या थांबण्यात शाओ बाई तेच वाक्य हळूच म्हणायच्या. पण लुओ रात्रपाळी करून आलेला असला की गुइचिन आवाज कमी ठेवायची, आणि मधेच झाकणं आदळायची, राख ओढायची. निम्मं हाती लागायचं, निम्मं राखेत जायचं.

आणि नेमकं एक दिवस त्या बाईने ‘टर्न अप’ घेतलं. शाओ बाईंनी श्वास रोखला. “या जोडीचा पहिला अर्थ,” रेडिओवरची बाई म्हणाली, “आवाज मोठा करणं. रेडिओचं बटण फिरवून आपण आवाज वाढवतो, ते टर्न अप. याच्या उलट, आवाज कमी करणं म्हणजे टर्न डाउन. आता दुसरा अर्थ...” आणि पलीकडे गुइचिनने कढई घासायला घेतली.

शाओ बाई जे मिळालं ते घेऊन वर्गात गेल्या. “टर्न अप म्हणजे आवाज वाढवणं,” त्यांनी सांगितलं. “आणखीही एक अर्थ आहे, तो मला अजून मिळालेला नाही.”

शिआओमानने वहीतलं वाक्य पुन्हा वाचलं. “म्हणजे, आम्ही तासभर वाट पाहिली, पण त्याने आवाज वाढवला नाही? बाई, मग तासभर बसून कशाला राहिले? उठून आपणच वाढवायचा ना!”

मुलं हसली, शाओ बाईही हसल्या. पण दुसऱ्या दिवशी भिंतीशी बसताना त्यांचं मन लागेना. पाठ पुढे गेला होता. कुठल्याशा वाक्याचा शेवट त्यांना ऐकू आला नाही, आणि अर्धंच म्हणून त्या अडल्या.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी त्यांनी मग उचलला, भिंतीला लावला आणि दचकून बाजूला घेतला. आवाज इतका मोठा होता की मगाची गरजच नव्हती. खोलीच्या मधोमध ती बाई उभी राहून बोलतेय असं वाटत होतं. थोंग उठून बसले. “लुओला बहिरेपण आलं की काय?”

पलीकडून लुओचंच ओरडणं आलं. “अगं, कान फुटले माझे! आत्ता पाठ टेकली होती! कोण ऐकतंय ते?”

“मी ऐकतेय,” गुइचिन म्हणाली.

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“तुला काय करायचंय? डोक्यावरून रजई घे आणि झोप तू.”

शाओ बाई हातात मग धरून तशाच बसून राहिल्या. तो दिवस उजळणीचा होता. रेडिओवरच्या बाईने ‘टर्न अप’ पुन्हा घेतलं, आणि या वेळी कढई वाजली नाही. “दुसरा अर्थ म्हणजे येऊन पोचणं. ज्याची खात्री नव्हती असा माणूस येतो, किंवा न कळवता येतो, तेव्हा हे वापरावं. ठरवून, वेळेवर आलेल्या पाहुण्यासाठी साधं ‘कम’ पुरे. तिसरा अर्थ, हरवलेली वस्तू अचानक सापडणं. लक्षात ठेवा, आपल्या भाषेत यांना वेगवेगळे शब्द आहेत, म्हणून शब्दाला शब्द लावू नका. आवाज वाढवण्याच्या अर्थी कशाचा आवाज ते वाक्यात सांगावं लागतं. येण्याच्या अर्थी नुसता येणारा पुरतो.”

शाओ बाईंनी त्यातली इंग्रजी वाक्यं मोठ्याने म्हटली. दहा वर्षांत पहिल्यांदाच त्या घरात परकी भाषा मोठ्याने बोलल्या.

वर्गात त्यांनी फळ्यावर तेच वाक्य लिहिलं आणि शिआओमानलाच उभं केलं. ती फळ्याकडे बघून म्हणाली, “आम्ही तासभर वाट पाहिली, पण पठ्ठ्या उगवलाच नाही!”

“अगदी बरोबर,” शाओ बाई म्हणाल्या. “आता हरवलेल्या हातमोज्याचं एक वाक्य कर.”

पुढे बरेच दिवस सकाळी तो मोठा आवाज येत राहिला. नळावर मात्र काही बदल नव्हता. गुइचिन दिसली की शाओ बाईंची मान आपोआप खाली जायची, आणि तीही बादली उचलून निघून जायची. गुइचिनने हे मुद्दाम आपल्यासाठी केलं की आणखी कशासाठी, हे शाओ बाईंना विचारावंसं वाटायचं, पण विचारायचं म्हणजे आधी बोलायला हवं होतं.

नदी गोठली. बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत साचलं. आणि एका सकाळी पलीकडे रेडिओ लागलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी शाओ बाईंनी शाल घेतली, अंगणातलं बर्फ तुडवत गेल्या आणि लुओच्या दारावर थाप मारली.

दार गुइचिनने उघडलं. मग बाजूला होत म्हणाली, “आत या, बाई. घर गार होतंय.”

आत वाफ होती आणि आंबवलेल्या कोबीचा वास. लुओ कामावर गेला होता. रेडिओ खांगावर उघडा पडलेला.

“आतला काचेचा व्हॉल्व्ह गेला,” गुइचिन म्हणाली. “इथे मिळायचा नाही म्हणतात.”

“मला वाटलं, तुम्ही आजारी आहात की काय.”

“मला काय धाड भरलीय!” तिने हात पदराला पुसावेत तसे एप्रनला पुसले. “तुमचा अभ्यास बुडाला असेल.”

शाओ बाई तिच्याकडे बघत राहिल्या. “म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.”

“भिंत काय तुमच्याच बाजूने पातळ आहे होय? ती रेडिओवाली म्हणायची, मागोमाग तुम्ही. रोजचंच. एकदा मी कढई घासत होते, ती बोलली आणि तुमचा आवाजच नाही. पुढच्या दिवशी अर्धं म्हटलंत आणि अडलात. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, ऐकूच जात नसणार. म्हणून वाढवला.”

“लुओदादांची झोप मोडली.”

“मोडू दे. गिरणीत उभ्या उभ्या झोपतो तो.”

शाओ बाईंना हसू आलं, पण गुइचिन हसली नाही. ती चुलीपाशी गेली, एक लाकूड आत सारलं आणि पाठमोरीच बोलू लागली.

“तेव्हाही मीच ऐकलं होतं. सभेत विचारलं, शेजारून काय ऐकू येतं. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या बापाचं एकेकाळी दुकान होतं, म्हणजे आम्ही मालकवर्गातले, ते त्यांना माहीत होतं. पुढचा नंबर माझा लागला असता. जे ऐकलं तेवढंच सांगितलं मी, पदरचं काही घातलं नाही.” ती थांबली. “पण सांगितलं.”

डुकरांना खाणं घालताना, थंडीत हात फुटलेले असताना, शाओ बाईंनी या बाईला सुनवायची कितीतरी वाक्यं मनात रचली होती. त्यांतलं एकही तोंडाशी आलं नाही.

“तेव्हा मी काय म्हणत होते, ठाऊक आहे?” त्या म्हणाल्या. “‘मी जाते, तू जातोस, तो जातो.’ रशियनमध्ये जाण्याची क्रियापदं फार त्रासाची. पायी जायला एक, गाडीने जायला दुसरं. विसरू नये म्हणून घोकत होते.”

गुइचिन वळली. “एवढंच?”

“एवढंच.”

“मला वाटायचं, कुणाला तरी हुकूम सोडताय.” ती खांगाच्या कडेवर बसली. “जाते नि जातोस यापायी तुम्हाला डुकरांकडे धाडलं?”

“हो.”

चुलीत लाकूड तडतडलं. मग शाओ बाईंनी हात पुढे केला. “तो व्हॉल्व्ह काढून द्या. आमच्या ह्यांच्या दुरुस्तीखान्यात अशा वस्तू पडलेल्या असतात. बघू, मिळाला तर.”

माफ केलं का, असं कुणी विचारलं असतं तर शाओ बाईंना सांगता आलं नसतं. आपण दार ठोठावलं आणि तिने ते उघडलं, एवढंच त्यांना पक्कं माहीत होतं. घरी येऊन थोंगना त्यांनी फक्त व्हॉल्व्हचं सांगितलं. थोंगनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “मिळेल. पण लुओला सांग, माझी दारू ठरली.”

व्हॉल्व्ह मिळाला आणि दारूही झाली. रेडिओ लागल्यावर गुइचिनने स्वतःच भिंतीवर थाप मारून हाक दिली. “बाई, इकडेच या! तिकडून ओरडत कशाला बसता?” तेव्हापासून शाओ बाई सकाळी पलीकडे जाऊन बसू लागल्या. गुइचिन बटाटे सोलायची, शिवणं घेऊन बसायची आणि मधून मधून शेरे मारायची. एकदा ती लुओच्या नव्या पँटचे लांब झालेले पाय वर दुमडून टाके घालत होती, आणि रेडिओवरच्या बाईने सांगितलं की कपड्याची कड वर दुमडायलाही इंग्रजीत ‘टर्न अप’च म्हणतात.

“हे बघा,” शाओ बाई म्हणाल्या, “तुम्ही आत्ता करताय ते!”

गुइचिनने सुई दातांतून काढली. “आवाजाला तेच, पाहुण्याला तेच, पायजम्यालाही तेच? त्या लोकांकडे शब्दांचं रेशनिंग आहे की काय? चार भावांत एक सदरा असावा तशी गत आहे त्यांची.”

ही उपमा शाओ बाईंनी दुसऱ्या दिवशी वर्गात जशीच्या तशी वापरली. ज्यांना व्याकरणाने समजत नव्हतं त्यांना ती समजली. सदरा एकच, पण तो कुणाच्या अंगावर आहे ते आधी बघायचं, म्हणजे माणूस ओळखू येतो.

शिआओमान पुढच्या उन्हाळ्यात परीक्षेला बसली आणि तिला प्रांताच्या शिक्षक महाविद्यालयात जागा मिळाली. इंग्रजीचे गुण काही फार नव्हते. तिने शाओ बाईंना तसं सांगितलंसुद्धा. “बाई, तुमचा ट्रॅक्टर माझ्या जिभेत शिरलाय, आता तो निघायचा नाही.” शाओ बाई म्हणाल्या की निघायला वेळ लागेल, पण निघेल. त्यांचा स्वतःचा मात्र शेवटपर्यंत निघाला नाही.

त्यांनी आणखी दहा-अकरा वर्षं इंग्रजी शिकवलं. पुढे घरी स्वतःचा रेडिओ आला, मग टीव्ही आला. गुइचिनशी मैत्री झाली असं म्हणणं जरा जास्तच होईल. एकमेकींच्या घरचं मीठ, व्हिनेगर, चुलीची राख यांवर बोलणं व्हायचं. कोबी आंबवताना वर ठेवायचे दगड एकत्र धुवायच्या. कधी कधी शाओ बाई कारण नसताना दोन-दोन दिवस तिकडे फिरकायच्या नाहीत, आणि गुइचिन त्याबद्दल विचारायची नाही. तिसऱ्या दिवशी त्या आपणहून जायच्या.

शाओ बाई निवृत्त झाल्या त्या सुमाराला सीमा उघडली. सीमेवरच्या नदीपलीकडून रशियन लाकूड येऊ लागलं, इकडून कपडे, थर्मास, सफरचंदं जाऊ लागली. ज्या भाषेपायी माणसं देशोधडीला लागली होती, ती येणारा माणूस शोधून सापडेना. गिरणीने विचारलं, नव्या हेडमास्तरांनी विचारलं. शाओ बाई सगळ्यांना नाही म्हणाल्या. आता डोकं चालत नाही, अशी सबब सांगितली.

मग एका संध्याकाळी गुइचिन आपल्या धाकट्या मुलाला, दाचुआनला घेऊन आली. गिरणीत त्याला काम मिळालं नव्हतं. सीमेवर माल न्यायचं त्याच्या मनात होतं.

“बाई, मागायला तोंड नाही मला,” गुइचिन म्हणाली. “पण याला चार शब्द शिकवा. किती, कितीला, उद्या, परवा. फसवणार नाहीत एवढे.”

शाओ बाईंनी त्या पोराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “बस रे,” त्या म्हणाल्या. “आधी जाण्याची क्रियापदं घेऊ.”

दाचुआन खालमानेने पुटपुटू लागला. गुइचिन उंबऱ्यात उभी होती. “तोंडात काय पुटपुटतोस?” ती त्याच्यावर खेकसली. “मोठ्याने म्हण. ऐकू दे रांगेला!”

हिवाळाभर तो रोज येत राहिला. वसंतात तो पहिल्यांदा सीमेपलीकडे गेला, दोन पोती थर्मास घेऊन, आणि आला तेव्हा त्यांच्या बदल्यात नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे बूट, एक दुर्बीण आणि डोक्याएवढी पावाची लादी घेऊन. बुटांचा एक जोड त्याने शाओ बाईंना दिला. तो त्यांच्या पायाला दोन बोटं मोठा होता. गुइचिनने आत शिवायला जुन्या रजईचा कापूस आणून दिला, आणि पुढचा हिवाळा शाओ बाईंनी तेच बूट घालून काढला.